आकाशातली पाणपोई

१८७५ हे साल महाराष्ट्राने दोन कारणांसाठी ध्यानात ठेवावयास हवे. पैकी एकच कारण आपल्या ध्यानात राहिले आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ज्यास येता येईल त्याने यावे, ऐकावे आणि शहाणे होऊन घरी जावे, दाराशी कोणी पैसा मागणार नाही, अशी ती व्यवस्था होती. आज गावोगावी, आणि आपल्या जामखेडसारख्या ठिकाणीही, वसंतात व्याख्याने होतात ती त्याच रोपट्याची पिलावळ. त्याच वर्षी, जानेवारी महिन्यात, हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते स्थापन झाले. हे दुसरे कारण. एका संस्थेने विद्वानांच्या कपाटातली विद्या चव्हाट्यावर आणली; दुसरीने वाऱ्यावादळाची पूर्वसूचना चव्हाट्यावर आणावयाचे ठरविले. दोन्ही संस्था एकाच वर्षी जन्माला आल्या हा योगायोग असेल, पण दोघींचे गोत्र एक आहे, असे आम्हांस वाटते.

या गोत्राचा सर्वांत अलीकडचा वंशज म्हणजे विमानाला वाटेत बसणाऱ्या गचक्यांचा अंदाज आगाऊ सांगणारी इंटरनेटवरील संकेतस्थळे. एखादा अभियंता आपल्या फावल्या वेळात असे संकेतस्थळ उभारतो. प्रवाशाने कोठून कोठे जावयाचे ते सांगावे, आणि संकेतस्थळाने सांगावे की, अमुक तासांच्या प्रवासात तमुक ठिकाणी हवा खवळलेली असण्याचा संभव आहे. यासाठी तो कोणाकडून दमडी घेत नाही. हा उद्योग तो कशाच्या जोरावर करू शकतो, त्याच्या मागे कोणाची किती पिढ्यांची मेहनत आहे, आणि ती मेहनत पुढे टिकेल की नाही, हा आजचा विषय.

जामखेडला विमानतळ नाही. मग या गोष्टी येथे कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, नकाशावर मुंबईपासून विशाखापट्टणमपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती आपल्या गावाच्या आसपासूनच जाते. म्हणजे रस्ता आपल्या डोक्यावरून आहे, आणि रस्त्यावरच्या वाटसरूची चिंता वाहण्याची रीत या तालुक्याला नवी नाही. येथून जवळच असलेल्या चौंडीत १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. त्यांनी काशीपासून सोमनाथापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या कोणासाठी? ज्याचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, अशा वाटसरूसाठी. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला रांजण भरून ठेवणारा मनुष्यही पाणी पिणाऱ्याची जात किंवा पत विचारीत नाही. पूर्वसूचना हीदेखील एक पाणपोई आहे. फक्त तिचा रांजण आकाशात टांगलेला आहे.

प्रथम ही हवेची खळबळ म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. विमान एकाएकी खाली गेले की प्रवासी म्हणतात, ‘हवेचा खड्डा आला.’ आम्ही स्वतः प्रथम विमानात बसलो तेव्हा खुर्चीचा दांडा घट्ट धरून हेच म्हणालो होतो. वस्तुतः आकाशात खड्डा नसतो. हवा ही नदीसारखी वाहते. पावसाळ्यात विंचरणा नदीच्या पुलावर उभे राहून पाहावे. संथ पाणी एकसारखे सरकत असते; पण जेथे तळाशी खडक आहे, जेथे वेगाचा प्रवाह मंद प्रवाहाच्या अंगाला अंग घासून जातो, तेथे भोवरे उठतात. हवेतही असेच घडते. उन्हाळ्यात दुपारी नांगरलेले काळे रान तापते, त्यावरची हवा हलकी होऊन वर धावते, आणि आपण वावटळ पाहतो; हा खळबळीचा पहिला प्रकार. त्या चढत्या हवेचे मोठे गडगडाटी ढग झाले की त्यांच्या पोटात आणि आसपास जी घुसळण होते ती दुसरा प्रकार. डोंगरावरून वारा ओलांडला की त्याच्या पलीकडच्या अंगाला लाटा उठतात आणि कधी त्या फुटतात, हा तिसरा. चौथा प्रकार सर्वांत फसवा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, जेथे ढगाचा मागमूस नसतो, तेथे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात. त्यांच्या काठाला, वरच्या व खालच्या थरांच्या गतीत फार तफावत पडली की स्वच्छ हवाच खळबळते. विमानातील रडार पाण्याच्या थेंबांवरून ढग ओळखतो. येथे थेंबच नाहीत, तेव्हा तो ओळखणार काय?

या खळबळीने विमान मोडून पडण्याचे प्रसंग आज अगदी विरळ आहेत. माणसे जखमी होतात ती मात्र होतात. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला जाणाऱ्या विमानात उतरण्याच्या वेळी अनेकांना गंभीर दुखापती झाल्या. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेले विमान ब्रह्मदेशातील इरावती नदीच्या खोऱ्यावर असताना एकाएकी असे उसळले की एक प्रवासी दगावला आणि कित्येक जखमी झाले. ज्याचा कमरपट्टा बांधलेला असतो तो सहसा वाचतो; ज्याचा सुटलेला असतो तो छतावर आपटतो. म्हणजे दहा मिनिटे आधी मिळालेली सूचना ही येथे औषधाइतकी मोलाची आहे.

आता इतिहासाकडे वळू. आकाशाचे हे शास्त्र एका शोधाने जन्मले नाही. ते वह्या भरून जन्मले. आणि त्या वह्या भरणाऱ्यांत अगदी आरंभापासून मराठी माणसे आहेत. मुंबईस कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली, आणि १८४१ पासून तेथे हवेच्या व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमाने होऊ लागल्या. बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ या वेधशाळेचे काम होते. आणि नागावचे केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयात तेथे साहाय्यक म्हणून लागले. हेच पुढे पुण्याच्या कॉलेजात गणित शिकविणारे केरूनाना, टिळकांचे गुरू. त्यांची कीर्ती ग्रहगणितासाठी आहे. परंतु ठरलेल्या वेळी उठून उष्णतामापकावरचा आकडा पाहावयाचा आणि तो वहीत लिहावयाचा, उद्या तसेच, परवा तसेच, ही शिस्त ज्यांनी या देशात प्रथम अंगी बाणविली त्यांत ते आहेत, हे आपण विसरतो. अशा वहीतील एक आकडा कवडीमोलाचा असतो; शंभर वर्षांचे आकडे अमोल होतात.

नोंद झाली, पण नोंद म्हणजे सूचना नव्हे. सूचना लोकांना द्यावयाची, ही कल्पना ज्याने अमलात आणली त्याची कथा शोकात्म आहे. इंग्लंडात १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ नावाचे जहाज वादळात फुटून सुमारे साडेचारशे माणसे बुडाली. डार्विनला घेऊन जाणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा जुना कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय तेव्हा सरकारी हवामान कचेरीचा प्रमुख होता. त्याने १८६१ मध्ये तारायंत्राच्या साहाय्याने बंदरोबंदरी वादळाच्या खुणा चढविण्याची व्यवस्था केली, आणि त्याच वर्षी वर्तमानपत्रांतून हवामानाचे अंदाज छापावयास आरंभ केला. बंदरावरचा बावटा ज्याला वाचता येत नाही त्या कोळ्यालाही दिसतो. हेच त्याच्या योजनेचे मर्म होते. अंदाज चुकले की लोक हसत, विद्वान मंडळी त्याला शास्त्र म्हणावयास तयार नसत. १८६५ मध्ये फिट्झरॉयने आत्महत्या केली, आणि पुढच्या वर्षाअखेर पंडितांच्या समितीच्या सल्ल्याने अंदाज व वादळाच्या सूचना दोन्ही बंद झाल्या. तेव्हा ओरड कोणी केली? समुद्रावर जाणाऱ्यांनी! अपुरी सूचनाही नसण्यापेक्षा बरी, हे त्यांना जिवावरून ठाऊक होते. वादळाच्या सूचना लवकरच पुन्हा सुरू कराव्या लागल्या.

आपल्याकडे १८६४ च्या वादळाने कलकत्ता उद्ध्वस्त झाले, १८६६ मध्ये ओरिसात भयंकर दुष्काळ पडला, आणि त्या दोन घावांतून १८७५ चे हवामान खाते निपजले. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. त्या काळापासून तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस मोजण्याची रीत मुंबई इलाख्यात रुळली. दुष्काळ हा ज्याचा नित्याचा पाहुणा आहे अशा आपल्या जिल्ह्यात हा आकडा किती महत्त्वाचा, हे सांगावयास नको. कचेरीतला कारकून त्या पितळी भांड्यातले पाणी मोजीत होता, तेव्हा आपण जगाच्या एका वहीत एक ओळ लिहीत आहोत, हे त्याच्या स्वप्नीही नसेल. पण लिहीत तो होताच.

खात्याचे मुख्य ठाणे १९०५ मध्ये कलकत्त्याहून सिमल्यास आणि १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकरांनी त्या दगडी इमारतीला ‘सिमला ऑफिस’ हेच नाव ठेवले. मुख्य ठाणे १९४४ मध्ये दिल्लीस गेले तरी ते नाव चौकाला चिकटून राहिले आहे. तेथून रोज बसने जाणाऱ्या किती जणांना पुण्यात सिमला कोठून आला हे सांगता येईल, देव जाणे. या काळात शास्त्राची नजर जमिनीवरून वर गेली. १९१४ मध्ये आग्ऱ्यास उच्च हवेच्या निरीक्षणाचे केंद्र निघाले. हायड्रोजनने भरलेला रबरी फुगा सोडावयाचा; तो मिनिटाला किती चढतो हे ठरलेले असते; थिओडोलाइट नावाच्या कोनमापक दुर्बिणीतून त्याचा माग घ्यावयाचा, आणि तो कोणत्या बाजूस किती सरकला यावरून त्या त्या उंचीवरचा वारा गणिताने काढावयाचा. रात्री फुग्याखाली कागदी कंदिलात मेणबत्ती लावीत. हे काम करणाऱ्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. तथापि आज संगणकाच्या पडद्यावर जी रंगीत चित्रे आपण पाहतो, ती त्या मेणबत्तीच्या उजेडातून निघाली आहेत.

फुग्याचा वारा कोणाला हवा होता? वैमानिकाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका लहानशा पुस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूस उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचा तळ म्हणजे समुद्रकाठची चिखलाची जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, म्हणून सगळे बिऱ्हाड, म्हणजे मूठभर विमाने, वैमानिक आणि यंत्रकामगार, पुण्यास हलवीत. त्या विमानांना आजच्यासारखे ढगांच्या वर जाता येत नव्हते. ती ढगांखालून, डोंगरांना वळसे घालीत जात. सह्याद्रीचा प्रत्येक गचका त्यांच्या पंखांना ठाऊक होता.

सह्याद्रीवरून वारा ओलांडताना काय होते, हे पुढे भारतीय शास्त्रज्ञांनीच गणिताने दाखविले. १९६५ च्या सुमारास हवामान खात्यातील आर. पी. सरकार यांनी पश्चिम घाटावर उठणाऱ्या हवेच्या लाटांचा सैद्धांतिक अभ्यास प्रसिद्ध केला. अरबी समुद्रावरून आलेला वारा घाटावर आदळतो, वर चढतो, आणि पठारावर उतरताना नदीतल्या धोंड्यामागच्या पाण्यासारखा लहरत जातो. डोंगराआडच्या लाटा काय करू शकतात, हे ५ मार्च १९६६ रोजी जगाला दिसले. जपानात फूजी पर्वताजवळून जाणारे एक प्रवासी विमान स्वच्छ उन्हात अशाच खवळलेल्या हवेत सापडून हवेतच मोडले. १२४ माणसे गेली. आकाश निळे होते, हे ध्यानात ठेवावे.

जपानचे नाव निघालेच आहे, तर तेथील एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. कारण आमच्या विषयाचे सारे मर्म तिच्यात आहे. वासाबुरो ओइशी हे जपानातील तातेनो वेधशाळेचे प्रमुख. १९२० नंतरच्या वर्षांत ते फुगे सोडून उंचावरचा वारा मोजीत होते, आणि हिवाळ्यात त्यांना आढळले की नऊ-दहा किलोमीटरवर वारा कधी कधी सेकंदाला सत्तर मीटरच्या, म्हणजे तासाला अडीचशे किलोमीटरच्या घरात वाहतो. हाच तो झोतवारा. स्वच्छ हवेतल्या खळबळीचे मूळ. ओइशींना हे ज्ञान साऱ्या जगाला द्यावयाचे होते. म्हणून १९२६ मध्ये त्यांनी आपला अहवाल जपानीत न छापता एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम रचलेल्या भाषेत छापला. हेतू किती उदात्त! पण ती भाषा जाणणारे शास्त्रज्ञ थोडे, आणि तो अहवाल जगाने वाचलाच नाही. रांजण भरला होता. पण पाणपोई जेथे वाटसरू येत नाहीत अशा आडरानात होती. १९४४ च्या अखेरीस अमेरिकन बाँबफेकी विमाने जपानवर आली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हा वारा अचानक भेटला आणि नेम चुकले. त्याहून खेदाची गोष्ट ही की, ओइशींच्या वाऱ्याचा पहिला मोठा उपयोग जपानी सैन्याने केला तो त्याच वर्षी बाँब बांधलेले हजारो फुगे अमेरिकेकडे सोडण्यासाठी. साऱ्या जगाला वाटलेले ज्ञान जग घेत नाही, तेव्हा ते कोणाच्या हाती जाईल याचा नेम नसतो.

आपल्याकडे पी. कोटेश्वरम् यांनी पावसाळ्यात दक्षिण भारताच्या माथ्यावरून पूर्वेकडून पश्चिमेस वाहणाऱ्या झोतवाऱ्याचा शोध १९५८ मध्ये जगापुढे मांडला, तो मात्र सर्वांनी वाचावा अशा नियतकालिकात. म्हणूनच पावसाळ्याचा अभ्यास करणारा प्रत्येक जण आज तो वारा ओळखतो.

वारा मोजला, आता तो खळबळेल केव्हा, हे कसे ठरवावयाचे? हे सूत्र दिले लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थाने. १९२० मध्ये त्याने दाखविले की हवेच्या थरांत दोन शक्तींची ओढाताण असते. खालची हवा जड आणि वरची हलकी असली की थर आपापल्या जागी बसून राहू पाहतात. आणि दोन थरांच्या गतीत तफावत असली की ती त्यांना घुसळू पाहते. या दोहोंचे प्रमाण म्हणजे रिचर्डसनचा अंक. तो पाव या मर्यादेखाली गेला की थर फुटून भोवरे उठण्याची धास्ती. आजचे बहुतेक अंदाज या अंकाच्या किंवा त्याच्या भाऊबंदांच्या आधाराने केले जातात. हा रिचर्डसन क्वेकर पंथाचा, युद्धाचा शत्रू. १९२० मध्ये ब्रिटनचे हवामान खाते हवाई दलाच्या मंत्रालयाखाली गेले तेव्हा त्याने नोकरी सोडली. १९२२ च्या त्याच्या ग्रंथात हवामानाचे गणित चौसष्ट हजार माणसे एका विशाल सभागृहात बसून करीत आहेत, असे स्वप्न आहे. त्याने एक अंदाज स्वतः हाताने गणित करून काढला, तो साफ चुकला. आणि तो त्याने जसाच्या तसा छापला! चुकलेला हिशेबही लोकांपुढे ठेवणारा असा प्रामाणिकपणा शास्त्रास फिट्झरॉयच्या बावट्याइतकाच उपयोगी पडला.

चौसष्ट हजार माणसांचे काम पुढे संगणकाने घेतले. आणि येथे पाणपोईला पुन्हा कुलूप दिसते. १९८० नंतरच्या दशकात हवामानाच्या गणितासाठी भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने पुष्कळ आढेवेढे घेऊन क्रे कंपनीचा एक संगणक दिला, तोही हवामानाखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरणार नाही या अटीवर. या अडवणुकीला उत्तर म्हणून १९८८ मध्ये पुण्यास सीडॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले अभियंते विजय भटकर तिचे सूत्रधार. १९९१ मध्ये त्यांच्या मंडळींनी ‘परम ८०००’ उभा केला. त्याच पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्क’ हा महासंगणक बसला, आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीवर साऱ्या देशाचा अंदाज करणारी प्रणाली सुरू झाली. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे मोबाइलवरचे साधनही त्याच संस्थेचे. शेतात काम करणाऱ्याला ते फुकट मिळते. हे सर्व सरकारी पैशाने, म्हणजे आपल्या पैशाने झालेले आहे.

कुलपे आणखीही आहेत. महायुद्धांत हवामान हे लष्करी गुपित झाले होते. शांततेच्या काळात १९९० च्या सुमारास युरोपातील काही खात्यांनी आपले आकडे विकावयाचे ठरविले, तेव्हा जगभर वाद माजला, आणि १९९५ मध्ये जागतिक हवामान संघटनेला ठराव करून सांगावे लागले की, आवश्यक माहिती राष्ट्रांनी एकमेकांस विनामूल्य आणि निर्बंधाविना द्यावी. अमेरिकेचे हवामान खाते आपल्या जागतिक गणिताचे आकडे दिवसातून चार वेळा कोणासही फुकट देते. युरोपच्या केंद्राने आपले आकडे हळूहळू मोकळे केले.

अभियंता आपल्या घरी बसून जे संकेतस्थळ उभारतो ते या मोकळ्या आकड्यांवर. वेगवेगळ्या उंचीवरचा वारा आणि तापमान तो उतरवून घेतो. शेजारशेजारच्या थरांत गतीची तफावत किती, थर किती बळकट, झोतवाऱ्याची कड कोठे, डोंगर कोठे, याचे गणित करतो. विमानाची वाट त्यावर मांडतो, आणि सौम्य, मध्यम, तीव्र अशा रंगांत ती रंगवून दाखवितो. कोलोराडोतील बोल्डर येथील शास्त्रज्ञांनी अशी अनेक मापे एकत्र गुंफण्याची रीत वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केली आणि ती प्रसिद्ध केली, म्हणून हे शक्य आहे. अभियंत्याचे श्रेय खरे. पण ते रांजण रंगवून रस्त्याकडेला मांडणाऱ्याचे आहे. पाणी भरले आहे केरूनानांनी, कचेरीतल्या कारकुनाने, मेणबत्तीवाल्या निरीक्षकाने, ओइशींनी आणि रिचर्डसनने.

यावर दोन आक्षेप येतात. ते टाळणे बरे नव्हे. पहिला असा की, हा अंदाज खरा किती? गणिताची चौकट कित्येक किलोमीटरांची, आणि विमानाला उसळविणारा भोवरा काही शेकडा मीटरांचा. तेव्हा येथे भोवरा आहे असे कोणी सांगू शकत नाही. भोवरे उठण्याजोगी हवा येथे आहे, इतकेच सांगता येते. वैमानिक आपला मार्ग अधिकृत सूचनांवरूनच ठरवितो, आणि तेच योग्य. प्रवाशाला मात्र त्याचा लाभ निराळा आहे. आपल्या तालुक्यातील मुले नोकरीसाठी दूरदेशी जातात, आणि साठी उलटलेले आईबाप त्यांना भेटावयास आयुष्यात पहिल्यांदा विमानात चढतात. ‘तीन तासांनी थोडे हलेल, तेव्हा पट्टा बांधून बसा, घाबरू नका’, एवढे जर मुलाने आदल्या रात्री फोनवर सांगितले, तर त्या माऊलीची रात्र सुखाची जाते. भीतीचे अर्धे बळ अज्ञानात असते. पण संकेतस्थळाने हिरवा रंग दाखविला म्हणून पट्टा सोडून बसणे म्हणजे पाणपोईवर पाणी मिळेल म्हणून घरून तांब्या न घेता निघणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फुकट फुकट म्हणता, पण फुकट काही नसते! हे अगदी खरे. पाणपोईचे पाणी पिणाऱ्याला फुकट असते, आणणाऱ्याला नसते. पाणी आणणारे थकले की रांजण कोरडा पडतो. २०२५ मध्ये अमेरिकेत नोकरकपातीमुळे काही ठाण्यांवरून रोजचे फुगे सोडणे कमी करावे लागले. ज्या दिवशी फुगा सुटत नाही त्या दिवशी जगाच्या गणितात एक भोक पडते. ते कोणालाही दिसत नाही, म्हणूनच ते धोक्याचे. शिवाय विमानेच आता खळबळ यंत्राने मोजून जमिनीवर कळवितात; पण विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जमविलेली अशी माहिती त्यात सहभागी कंपन्यांपुरती राहते. त्यांचाही खर्च आहे, हे मान्य. तरी ज्या माहितीने जीव वाचतात ती किती काळ पैसे भरणाऱ्यांच्या दाराआड ठेवावी, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि तो निकडीचा होत आहे. इंग्लंडातील रेडिंग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखविले की, उत्तर अटलांटिकवरील एखाद्या नमुनेदार ठिकाणी स्वच्छ हवेतली तीव्र खळबळ १९७९ मध्ये वर्षाकाठी सुमारे साडेसतरा तास असे, ती २०२० मध्ये सत्तावीस तासांवर गेली. हवा तापत आहे, झोतवाऱ्यातील तफावत वाढत आहे. अशा वेळी रांजण लहान करून चालणार नाही.

काही ज्ञान लपविल्याने बळ देते, काही वाटल्याने वाढते. आपल्याच तालुक्यात खर्ड्याच्या माळावर मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला नमविले, तेव्हा शत्रूच्या हालचालीची बातमी गुप्त राखणे हेच शहाणपण होते. पण वारा कोणाचा शत्रू नाही, आणि त्याची बातमी राखून कोणाला जय मिळत नाही. दुसऱ्या जातीचे ज्ञान काय करते, याचे उदाहरणही आपल्या गावातच आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी खेड्यातल्या बायकांना, ज्यांतल्या अनेकींना लिहितावाचता येत नव्हते, बाळंतपणाचे, लेकरांच्या आजारांचे, पाण्याच्या शुद्धतेचे ज्ञान दिले. शहाण्यांनी त्यालाही नावे ठेवली असतील. अर्धवट ज्ञान धोक्याचे, असे म्हणणारे सर्वत्र असतात. पण त्या बायकांनी गावोगावची लेकरे वाचविली, आणि जगभरचे डॉक्टर शिकावयास जामखेडला येऊ लागले. विद्या वैद्याच्या पेटीतून निघून चुलीपाशी बसली, म्हणून हे घडले. फिट्झरॉयच्या बावट्याचे आणि आरोग्यसेविकेच्या पिशवीचे तत्त्व एकच आहे: ज्याच्या जिवाशी गाठ आहे, त्याला कळले पाहिजे.

१८७५ च्या दोन रोपांची कथा येथे संपते. एका रोपाच्या सावलीत आज आपण बसलो आहोत. दुसऱ्याची सावली डोक्यावरून जाणाऱ्या विमानांवर पडली आहे. व्याख्यानाला येणारा श्रोता पैसे देत नाही. पण सतरंजी अंथरणारे, दिवे लावणारे, वर्गणी गोळा करणारे कोणी असतात, म्हणून व्याख्यान होते. हवामानाच्या पाणपोईचेही तसेच आहे. उद्या सकाळी साडेआठ वाजता कोणीतरी पर्जन्यमापकापाशी जाईल, पाऊस नसला तरी वहीत शून्य लिहील. ते शून्य लिहिणाऱ्याचा पगार वेळेवर व्हावा, त्याचे यंत्र मोडले तर दुरुस्त व्हावे, आणि त्याने लिहिलेला आकडा सर्वांना मोकळा असावा, एवढे आपण नागरिक म्हणून मागत राहिलो, तर आकाशातला रांजण भरलेला राहील. अभियंते तो रस्त्याकडेला मांडावयास पुढे येतीलच.